झेनोबियाच्या सोन्याच्या बेड्या

पाल्मिराची राणी झेनोबिया इंटरनेटवर शोधायला जा, आधी बेड्या दिसतात, मग बाई. सीरियाच्या वाळवंटातल्या या विधवेने 270 साली इजिप्त घेतलं, अँटिऑकपासून अलेक्झांड्रियापर्यंत स्वतःचा अंमल बसवला. चित्रकारांना मात्र ओढ 272 नंतरची: रोमन सम्राट ऑरेलियनकडून हरलेली, युफ्रेटिसकडे निसटताना पकडली गेलेली राणी. इटालियन चित्रकार टिएपोलोने तिला सैन्यापुढे बोलतानाही रंगवलं, हे कबूल. पण ते व्हेनिसच्या झेनोबिओ घराण्यासाठी. आडनाव जुळत होतं ना! त्याच मालिकेत ऑरेलियनची विजययात्राही आहेच.

चित्रकारांना तरी किती बोल लावणार? ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या रोमन चरित्रग्रंथाने मसालाच तसा पुरवलाय. 274 च्या त्या विजययात्रेत म्हणे तिच्या अंगावर इतकी रत्नं होती, की ती पुन्हापुन्हा थांबून ‘हे ओझं सोसवत नाही’ म्हणायची. पायात सोन्याच्या बेड्या, हातात सोन्याच्या साखळ्या, गळ्यातही सोन्याचीच. आणि गळ्यातली ती साखळी पुढे धरून चालणारा एक पर्शियन विदूषक! रिसेप्शनच्या स्टेजवर दागिन्यांनी वाकलेली नवरी असते ना, तशीच ही. फक्त इथे सोनं सासरचं नाही, शत्रूने चढवलेलं. हा ग्रंथ थापांसाठी प्रसिद्ध आहे. झोसिमस नावाचा दुसरा इतिहासकार तर सांगतो, की ती रोमला पोचलीच नाही, वाटेतच गेली. पण विदूषकासकट आलेली गोष्ट कोण सोडतो?

इंग्रज चित्रकार श्माल्झने 1888 मध्ये तिला पाल्मिराकडे शेवटचं बघायला उभं केलं. सुंदर चित्र आहे, पण मला ते जरा नाटकी वाटतं. माझं मन बसलंय हॅरिएट हॉस्मरच्या संगमरवरी झेनोबियावर. हॉस्मर अमेरिकन, काम रोममध्ये. तिची राणी रडत नाही, आकाशाकडे बघत नाही. मान किंचित खाली, अंगावर जड वस्त्राच्या चुण्या, आणि एका हाताने साखळी उचलून धरलेली. चालताना आपण निऱ्या उचलतो तितक्या सहज. बेडी आहे, पण तिचं काय करायचं ते माझं मी बघेन, असा तो हात.

हा पुतळा 1862 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडला गेला आणि कुजबुज सुरू झाली, की हे बाईचं काम नव्हेच, इटालियन कारागिरांनी घडवलंय. वास्तविक त्या काळचे सगळेच नामवंत शिल्पकार मातीचा नमुना स्वतः करून दगड कारागिरांकडून कोरून घेत. पुरुषांना कुणी विचारलं नव्हतं. हॉस्मर गप्प बसली नाही. बदनामीच्या दाव्याची धमकी देऊन तिने आरोप करणाऱ्यांना माघार घ्यायला लावली, वर 1864 मध्ये शिल्प कसं घडतं यावर लेखही लिहिला. पुतळा अमेरिकेत गेला तेव्हा लोकांनी रांगा लावल्या.

झेनोबियाने स्वतः पाडून घेतलेली नाणी मात्र वेगळंच सांगतात. केसांच्या लाटा, डोक्यावर मुकुटपट्टी, खाली चंद्रकोर, भोवती नाव आणि ‘ऑगस्टा’ ही सम्राज्ञीची पदवी. चेहरा अगदी साच्यातला, कुठल्याही रोमन सम्राज्ञीचा वाटावा असा. सौंदर्य शोधणाऱ्यांची निराशाच होते. सीरियाने पुढे कागदी नोटेवर तिला छापलं तेव्हा बेड्या वगळल्याच. नोटेवर कोण बेड्या छापेल म्हणा.