तुम्ही विचारलंत म्हणून: पोरगं क्रिकेट सोडून काठ्या घेऊन का पळतंय?

कोल्हापूरला फोन लावला की मामा तब्येतीच्या आधी हेच विचारतात. वर एक पुरवणी: "त्यात पैसा तरी आहे का?" हल्ली मित्रही विचारायला लागलेत, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

आम्ही राहतो थर्ल्सला, आयर्लंडच्या टिपरेरी काउंटीत. याच गावच्या हेज हॉटेलात १ नोव्हेंबर १८८४ ला मायकल कुसॅक आणि मोजक्या मंडळींनी बसून ठरवलं, की इंग्रजांच्या खेळांपुढं आपले खेळ मरू द्यायचे नाहीत. त्यातून जी संघटना निघाली ती जीएए, म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन. आज देशभर गावोगाव तिचे क्लब आहेत. अशा गावात राहून पोराला हर्लिंगला, म्हणजे या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाला, न घालणं म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहून फुटबॉलचा कंटाळा करणं.

पैसा? नाही. टिपरेरीनं २०२५ ची हर्लिंगची ऑल-आयर्लंड फायनल कॉर्कविरुद्ध ३-२७, १-१८ अशी मारली. डब्लिनचं ८२ हजारांचं क्रोक पार्क स्टेडियम भरलेलं, आणि खेळणारी पोरं नोकऱ्या-कॉलेज सांभाळून आलेली. खेळण्याचा पगार कुणालाच नाही. तो स्कोअर वाचायचा असा, आधी गोल, मग पॉइंट: आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन, दांडीवरून गेला तर पॉइंट, त्याचा एक. म्हणजे ३६ विरुद्ध २१.

क्लब निवडायचा नसतो. ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, राहता, तिथला क्लब तुमचा. बदलता येतो, पण लोक लक्षात ठेवतात. मंगळवार पेठेतल्या पोरानं शिवाजी पेठेकडून उतरावं, तसलं काहीतरी. (आपल्याकडं आता बाहेरून खेळाडू आणतात, ती गोष्ट वेगळी.)

काठीला हर्ली म्हणतात. अ‍ॅश नावाच्या झाडाची, खाली पसरट, टोकाला पत्र्याची पट्टी. चेंडू आत बुचाचा, वर चामडं, आणि शिवण अशी उठलेली की हातात घेतला तर बोटांना कळते. पहिल्यांदा पोराच्या गुडघ्यावर बसला तेव्हा बायको मैदानात धावली. हेल्मेट सक्तीचं आहे. गुडघ्याला काही नाही.

पोरांच्या सामन्यात खांबाशी अंपायर म्हणून पालकच उभे करतात. एकदा मलाही पांढरा कोट चढवला आणि दोन झेंडे हातात दिले: गोलला हिरवा, पॉइंटला पांढरा. चेंडू दांडीवरून गेला आणि मी झोकात हिरवा फडकवला. समोरच्या संघाच्या एका आजीबाईंनी जे ऐकवलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही. रेफरीनं निकाल दुरुस्त केला. तरी पुढच्या शनिवारी कोट पुन्हा माझ्याच अंगावर, कारण दुसरं कुणी नव्हतं. इथं गवत कापणारा, रेघा मारणारा, लॉटरीची तिकिटं खपवणारा, सगळे असेच सापडलेले.

या आठवड्यात जर्सी धुवायची पाळी आमची. वीस जर्सी, प्रत्येकीवर वेगळा चिखल, आणि बाहेर पाऊस. घरभर दोऱ्या बांधल्या. मामांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आमच्या तालमीला धोबी होता रे."