सेकंडहँड बेस ॲम्प: आधी कॅब, मग हेड, वॉट शेवटी

जुन्या बेस गिटार ॲम्पच्या जाहिरातीत पहिला आकडा हमखास वॉटचा असतो. हेड म्हणजे ॲम्पचा डबा, कॅब म्हणजे स्पीकरचं खोकं. '५०० वॉट हेड, कडक कंडिशन, घरीच वापरलेलं.' घेणाराही फोनवर पहिलं तेच विचारतो. पण ड्रमरच्या शेजारी उभं राहिल्यावर बेस ऐकू येणार की नाही, हे बरंचसं कॅबवर ठरतं. घेतलेली वस्तू आपल्याकडे टिकणार की नाही, हे हेडच्या मागच्या पट्टीवर छापलेल्या व्होल्टेजवर ठरतं. वॉट त्यानंतर. बजेट बेताचं असेल तर पैसे आधी चांगल्या कॅबमध्ये घाला, हेड साधं चालेल.

याचं गणित सोपं आहे. कॅबच्या माहितीत सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात. दोन कॅबमध्ये ३ डेसिबलचा फरक असला की वॉट दुप्पट लागतात. १०० डीबीची कॅब २५० वॉटवर जेवढी वाजते, तेवढंच वाजवायला ९७ डीबीच्या कॅबला ५०० वॉट द्यावे लागतात. उलट ५०० वॉटचं हेड विकून ८०० वॉटचं घेतलं तर पदरात पडतात जेमतेम २ डीबी. तेवढ्यासाठी जादा पैसे मोजायचे का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

लाउडस्पीकरवाल्यांमध्ये हॉफमनचा नियम म्हणून एक गोष्ट सांगतात: लहान खोकं, खोल बेस आणि मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. एका दहा इंची स्पीकरची छोटी कॅब 'पाच तारांच्या बेसला एकदम भारी' असं कुणी सांगत असेल तर हा नियम आठवावा. चार तारांच्या बेसची खालची ई ४१ हर्ट्झला आहे, पाच तारांची बी ३१ ला. पोर्टवाल्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) कॅबचं ट्यूनिंग समजा ५० हर्ट्झच्या आसपास असेल, तर त्याखाली खोक्यातली हवा कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, आवर घालत नाही. कोन नुसता पुढे-मागे हेलकावे खातो, आवाज वाढत नाही, आणि कोनमागची तारेची कॉइल मॅग्नेटच्या खाचेतून बाहेर येऊन आपटते. बी तार वाजवणाऱ्याने हेडमध्ये हाय-पास फिल्टर (अगदी खालचे हर्ट्झ कापणारा) आहे का ते जरूर विचारावं. नसेल तर निदान बेसचा नॉब पूर्ण उजवीकडे फिरवू नये.

कॅब बघायला जाताना मल्टिमीटर, टॉर्च, १.५ व्होल्टचा एक पेन्सिल सेल आणि एक चांगली स्पीकर केबल न्यावी. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो लक्षात ठेवा, साधारण ०.२ ते ०.४ ओहम, आणि पुढच्या मापातून वजा करा. मग केबल कॅबला लावून दुसऱ्या टोकावर मोजा. ८ ओहमची कॅब मीटरवर ८ दाखवत नाही. साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान दाखवते, आणि ४ ओहमची तीन-साडेतीन. मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा अडथळा, कॅबवर लिहितात तो) नाही, त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

चार-दहाच्या (दहा इंची चार स्पीकरच्या) कॅबमध्ये हा आकडा बरंच काही सांगून जातो. आत ८ ओहमचे चार स्पीकर असतील तर वायरिंग दोनपैकी एका पद्धतीने असतं. दोन-दोन सिरीजमध्ये जोडून त्या जोड्या पॅरललमध्ये असतील, आणि एका स्पीकरची कॉइल जळून तुटली असेल, तर ६ च्या जागी १२ दिसतं आणि दोन स्पीकर गप्प होतात. दोन-दोन पॅरललमध्ये जोडून त्या जोड्या सिरीजमध्ये असतील, तर ९ च्या आसपास दिसतं आणि गप्प एकच होतो, पण त्याच्या जोडीदारावर जास्त भार येतो. पुढचा नंबर त्याचा. ट्विटरच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) वाटेत कपॅसिटर असतो म्हणून तो या मापात येत नाही, तो वेगळा ऐकूनच तपासायचा. आणि ८ ओहम लिहिलेल्या कॅबवर चारच्या खाली आकडा आला, तर आत कुणीतरी चुकीच्या ओहमचे स्पीकर बसवलेत किंवा कॉइलचे वेढे आपसात चिकटलेत. तिथे घासाघीस करत बसू नका, निघा.

आता सेल. केबलच्या प्लसला सेलचा प्लस आणि मायनसला मायनस क्षणभर टेकवायचा. जाळीतून टॉर्च मारला की कोन पुढे सरकताना दिसतो. सगळे एकाच दिशेने सरकले पाहिजेत. एक मागे जात असेल तर तो री-कोन करून (नवा कोन बसवून) उलट्या वायरी जोडलेला आहे. अशा कॅबमध्ये खालचा बेस गायब असतो आणि विकणारा सांगतो, 'आवाज जरा टाइट आहे.' उलटा जोडलेला स्पीकर दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात, तेव्हा हा दोष सापडला तर भाव पाडा आणि कॅब घ्या.

जाळी निघत असेल तर कोनच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून तो सारखा, हळू दाबा. खर्रर्र असा बारीक आवाज आला तर कॉइल घासतेय. कोनच्या कडेला कापडाची चुणीदार पट्टी असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. फोमची असेल तर नखाने हलकं दाबून बघा, कुजलेला फोम भुग्यासारखा हाताला येतो. मग मोबाइलवरून साइन टोन (एकाच सुराचा शुद्ध आवाज) सोडून कमी आवाजात ४० पासून १५० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर चढा. खडखड येईल त्या जागी हँडल, जॅकची पट्टी, जाळी, एकेक हाताने दाबून धरा. बहुतेक वेळा स्क्रू सैल असतो. काहीच दाबून आवाज थांबत नसेल तर संशय स्पीकरवर.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या मालाला एक खास तपासणी लागते. कॅब आडवी करून बूड बघा. एमडीएफ किंवा चिपबोर्ड असेल तर ओल्या स्टेजवर ठेवून ठेवून खालची कड फुगलेली असते आणि वरचं कव्हर तिथे सुटलेलं असतं. प्लायला हा त्रास कमी. जॅकवर हिरवट थर, स्क्रूंवर गंज, खोक्याला कुबट वास, हे सगळं असेल तर आत बुरशीही असणार. ट्विटरचा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. खाऱ्या हवेत तो एखाद्या ठिकाणी मेलेला असतो आणि मालकाला वाटतं ट्विटरच गेला.

ओहमची बेरीज कागदावर करूनच दोन कॅब जोडा. ८ आणि ८ पॅरललमध्ये ४. ४ आणि ४ मध्ये २. ८ आणि ४ मध्ये २.६७. हेडवर किमान ४ लिहिलं असेल तर शेवटची दोन्ही कॉम्बिनेशनं बाद. म्हणून पुढेमागे दुसरी कॅब घ्यायचा विचार असेल तर पहिली ८ ओहमचीच घ्यावी. मार्कबासचं लिटल मार्क ३ हे हेड ४ ओहमला ५०० वॉट आणि ८ ला ३०० वॉट देतं. एका ८ ओहमच्या कॅबवर ते ५०० वॉटचं नाहीच. विकणारा मात्र जाहिरातीत मोठाच आकडा टाकणार.

केबलबद्दल एकदाच सांगतो: गिटारची शिल्डवाली केबल हेड आणि कॅबच्या मध्ये लावायची नाही. तिची आतली तार इतकी बारीक असते की ती तापते, वितळते आणि शॉर्ट होते. १.५ ते २.५ चौरस मिलीमीटरची दोन तारांची वायर आणि स्पीकॉन प्लग (फिरवून अडकवायचा स्पीकरचा प्लग) घ्या. बऱ्याच क्लास-डी (हलक्या, स्विचिंग पद्धतीच्या) हेडमध्ये आउटपुट ब्रिज केलेलं असतं, म्हणजे दोन्ही टोकं जिवंत. तिथे पाव इंची जॅकची बाहेरची धातूची नळी कुठे चॅसीला लागली की संपलं.

हेड हातात घेतलं की आधी मागची पट्टी वाचा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ हवं. दुबईहून कुणाच्या काकांनी आणलेलं हेड इथे थेट चालतं. न्यू जर्सीहून आलेल्यावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असू शकतं आणि जपानहून आलेल्यावर १००. काही हेडमध्ये स्विच-मोड सप्लाय १०० ते २४० असा सगळा पट्टा घेतो, पण सगळ्यांत नाही. हलकं हेड म्हणजे कुठेही चालणारं हेड, हा समज बऱ्याच जणांना महागात पडतो. पट्टीवर जे छापलंय तेच खरं. मागे ११५/२३० चा स्विच असेल तर उत्तम, पण फ्यूजही बदलावा लागतो. ११५ ला १० अँपिअरचा असेल तर २३० ला ५ चा, आणि तोही स्लो-ब्लो (जरा उशिरा उडणारा).

'स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा की' असं दुकानदार सांगतो. तो व्होल्टेज उतरवतो, पण हर्ट्झ ५० चे ५०च राहतात. फक्त ६० हर्ट्झसाठी काटेकोर बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ५० हर्ट्झला चुंबकीय फ्लक्स २० टक्के वाढतो आणि तो गुणगुणतो, तापतो. पट्टीवर ५०/६० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन चालेल. ३०० वॉटच्या जुन्या हेडला १००० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) घ्या, कारण बाजारात व्हीएचे आकडे सढळ हाताने छापतात.

क्लास-डी की जुनं क्लास-एबी? पाठीला विचारलं तर क्लास-डी. दुरुस्तीला विचारलं तर एबी. गॅलियन-क्रूगर ८००आरबीसारखं १९८० च्या दशकातलं हेड आजही रिपेअरवाला उघडू शकतो. रिले, कपॅसिटर, आउटपुट ट्रान्झिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पर्यायांसह मिळतात. ५२००-१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीचे नकली तुकडे मात्र तिथे भरपूर आहेत. स्वस्तातली जोडी बसवली तर ती मोठ्या आवाजावर उडते आणि जाताना स्पीकरही नेते. क्लास-डीमध्ये पॉवर मॉड्यूल थेट बोर्डावर चिकटवलेल्या बारीक एसएमडी पार्टचं असतं. ते गेलं आणि कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं असेल तर हेड शोभेला ठेवावं लागतं. म्हणून वॉरंटी संपलेल्या क्लास-डी हेडला नव्याच्या निम्म्याहून जास्त भाव देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेड चालू करण्याआधी सॉकेट तपासा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हेडच्या प्लगची अर्थची पिन कापलेली दिसली तर कारण विचारा. हम (सततची गुणगुण) घालवायला ती कापतात आणि मग बेसच्या तारांना हात लागला की शॉक. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तार गुंडाळलेली असेल तर आतही असंच काम असणार.

ट्यूबवालं हेड नसेल तर सगळे नॉब शून्यावर ठेवून, काहीही न जोडता हेड चालू करा आणि स्पीकर आउटपुटवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत ठीक. व्होल्टमध्ये आकडा आला तर कॅब लावू नका. मग कॅब लावा. थोडी हिस चालते. नॉब फिरवला तरी कमी-जास्त न होणारा हम असेल तर सप्लायचे कपॅसिटर थकलेत. प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐका. ती क्लीनरने जाते, तिच्यासाठी व्यवहार मोडू नये.

आवाज मधेच बसत असेल, दबल्यासारखा येत असेल, तर मागच्या इफेक्ट लूपमध्ये (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या दोन जॅकमध्ये) सेंडपासून रिटर्नपर्यंत छोटी पॅच केबल लावून बघा. आवाज लगेच मोकळा झाला तर दोष फक्त रिटर्न जॅकच्या आतल्या पत्तीचा आहे. ती काळी पडली की सिग्नल अडतो. 'प्रीॲम्प गेलाय' म्हणून मातीमोल भावात विकली जाणारी कितीतरी हेड प्रत्यक्षात एवढ्यावर अडलेली असतात. दहा वेळा प्लग आत-बाहेर केला, क्लीनर मारला की काम होतं.

अर्धा-पाऊण तास प्रॅक्टिसच्या आवाजात वाजवा. गरम झाल्यावरच प्रोटेक्ट रिले (बिघाडात स्पीकर तोडणारा स्विच) टकटक करतो, पंखा कुरकुरतो. डीआय आउट मिक्सरला लावून बघायला विसरू नका, कारण मोठ्या कार्यक्रमात साउंडवाला तेवढंच घेणार आहे.

ट्यूब हेडवर वेगळा लेख लागेल. ॲम्पेगचं एसव्हीटी १९६९ मध्ये आलं, ३०० वॉट, सहा पॉवर ट्यूब आणि आत ७०० व्होल्टच्या आसपास. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा हौस म्हणून उघडू नये. कॅब न जोडता ते कधीही वाजवायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. सहा ट्यूबचा मॅच केलेला सेट धरूनच भाव ठरवा. त्याच्यासोबतची आठ-दहाची कॅब ६३ किलोच्या आसपास भरते, तेव्हा आधी बिल्डिंगची लिफ्ट बघा.

विकणाऱ्याने फोटो काढायचे ते मागच्या पट्टीचे, सिरियल नंबरचे, जॅकचे आणि कॅबच्या बुडाचे. मीटर स्पीकर केबलला लावलेला, आकडा दिसतोय असा एक फोटो टाकलात तर निम्मे फालतू फोन वाचतात. खोट असेल ती लिहून टाका, नाहीतर घेणारा दारात येऊन तिच्याच नावाने जास्त भाव पाडतो.

बाहेरगावी पाठवताना बरेच कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ६० बाय ६० बाय ४५ ची चार-दहा कॅब हलक्या निओ (निओडिमियम) मॅग्नेटची असली तरी ३२ किलोच्या पैशाने जाते, म्हणून कॅबला ट्रान्सपोर्ट किंवा टेम्पो परवडतो. जाळीवर प्लायचा तुकडा बांधा. हेडच्या ट्यूब काढून, जागेप्रमाणे नंबर घालून वेगळ्या खोक्यात द्या. जड ट्रान्सफॉर्मर असलेल्या हेडचं खोकं ट्रान्सफॉर्मरची बाजू खाली येईल असं भरा आणि वर बाण काढा. बाण कुणी वाचत नाही, म्हणून आत थर्माकोलऐवजी घट्ट फोम भरा. थर्माकोल एका आपटीत चुरा होतो आणि पुढचा सगळा प्रवास हेड खोक्यात मोकळं नाचत राहतं.