पोती भरलेली, फळी रिकामी

२४ मार्च २०२०, मंगळवार. दुसऱ्या दिवशी पाडवा. पुण्यातलं आमचं किराणा दुकान, दारात साखरेच्या गाठींच्या माळा टांगलेल्या, आणि त्यांतल्या निम्म्या तशाच लोंबत होत्या. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी असं कधी होत नाही. कोरोनामुळे राज्यात संचारबंदी आधीच लागू होती, तरी पंतप्रधानांचं रात्री आठचं लॉकडाऊनचं भाषण पुरतं संपायच्या आत रांग पायरीवरून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत गेली. एकवीस दिवस हा आकडा लोकांनी ऐकला आणि पिशव्या उचलल्या. जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील, हे नीट कळायला त्यांना आणखी वेळ लागला. आकड्याच्या आधी तेवढं एक वाक्य आलं असतं, तर निम्मी रांग घरात बसली असती.

तासाभरात फळ्या रिकाम्या झाल्या. सगळ्यात आधी पाच किलोचा पॅकबंद आटा, मग मॅगी, तूरडाळ, साखर, चहा, दूध पावडर. मागून येणारे म्हणायला लागले, ‘माल संपला.’ माल संपला नव्हताच. मागच्या खोलीत पन्नास किलोची साखरेची सात पोती होती, तूरडाळ होती, तांदूळ होता. संपल्या होत्या त्या किलोच्या पिशव्या.

पोतं आणि पिशवी यांच्या मध्ये काय असतं, ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. पोत्याची शिवण उसवायची, सुतळीचे तुकडे आत पडू द्यायचे नाहीत, डाळ असेल तर चाळणीवरून काढायची. मग एकाने भरायचं, दुसऱ्याने काट्यावर पाच-दहा ग्रॅमचं खालीवर करायचं, तिसऱ्याने सील मारायचं. तिघांचा हात बसलेला असला तर पन्नास किलोचं पोतं पंचवीस मिनिटांत पिशव्यांत उतरतं. आमची दोन पोरं २१ तारखेलाच गावच्या गाडीत बसली होती. उरलो दोघं, आणि त्यातला एक गल्ल्यावर.

त्यात सीलिंग मशीनने दगा दिला. हाताने दाबायचं मशीन असतं ते, आत तार तापते आणि तारेवर टेफ्लॉनची पट्टी असते. दहा-पंधरा पिशव्यांनंतर मशीनला थोडं गार होऊ द्यावं लागतं. त्या रात्री कोण थांबतंय? पट्टी करपली, प्लास्टिक तिला चिकटायला लागलं. सील वरून बसल्यासारखं दिसायचं आणि पिशवी उचलली की तळातून साखर गळायची. पट्टी पाच मिनिटांत बदलता येते, फक्त ती घरात असावी लागते. स्टेपलर हाताशी होता, पण खायच्या मालाला पिन मारणं मला पटत नाही. सुटलेली पिन डाळीबरोबर थेट कुकरमध्ये जाते. शेवटी रबर बँड लावले.

वेळ वाचवायला एक नियम केला. किलोच्या खाली काही तोलायचं नाही, आणि एका घराला दोन किलोच्या वर काही द्यायचं नाही. दुसरा अर्धा अर्ध्या तासात मोडला. नवरा, बायको आणि मुलगा रांगेत तीन ठिकाणी उभे राहिले, एकमेकांना ओळख न दाखवता. पहिला अर्धा मात्र चोख पाळला गेला.

मागच्या वस्तीतली आमची गिऱ्हाइकं रोजची आहेत. दिवसाची मजुरी हातात आली की पावशेर डाळ, अर्धा किलो साखर, पाचची चहापत्ती. महिन्याची यादी असते पगार महिन्याला येतो त्यांची. पावणेदहाच्या सुमारास त्यातलाच एक काउंटरवर आला.

‘शेठ, पावशेर तूरडाळ.’

‘आज किलोचीच आहे.’

त्याने मुठीतल्या नोटा बघितल्या, पाचचे दोन पार्ले-जी घेतले आणि गेला. पोतं माझ्या मागे आठ पावलांवर होतं. काटाही चालू होता.

पुढचे दोन महिने हेच वेगवेगळ्या रूपात दिसत राहिलं. पिठाच्या गिरण्या काही ठिकाणी बंद, काही ठिकाणी दोन-तीन तास चालू, त्यामुळे वर्षाचा गहू भरणारी घरंही आटा मागायला लागली. आमच्याकडे गव्हाची पोती पडून. एका वितरकाने तर अट घातली, आटा हवा असेल तर सोबत फिनेलचे दोन बॉक्स घ्या. साथीतही माणसाला लादालादी सुचते. घेतले. करता काय?

दुधाची गंमत वेगळीच. हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद, म्हणून दूध जादा झालं आणि त्याची भुकटी करायला सरकारला ते विकत घ्यावं लागलं. त्याच दिवसांत आमच्याकडे दूध पावडरचं पाकीट औषधालाही नव्हतं.

एप्रिलमध्ये घरोघरी पाव आणि केक सुरू झाले. यीस्टची महिन्याला दोन पाकिटं खपायची, ती दिवसाला वीस जण मागायला लागले. यीस्ट बाजारात होतं, पण बेकरीसाठीच्या अर्धा किलोच्या, हवा काढलेल्या विटेसारख्या पाकिटात. ते फोडून आम्ही पंचवीस ग्रॅमच्या पुड्या केल्या. पाकीट एकदा फुटलं की दमट हवेत यीस्ट मरायला लागतं, म्हणून हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं. प्रत्येक पुडीबरोबर तेच सांगत होतो: कोमट पाणी, चिमूटभर साखर, वर यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला नाही तर मैदा वाया घालवू नका. तरी दोघं-तिघं कढत पाणी ओतून, यीस्ट मारून, भांडायला आले.

म्हणजे यीस्ट पंचवीस ग्रॅम तोलायला आम्हाला वेळ झाला. बंगल्यांतून फोन येत होते, पैसे यूपीआयवर आधीच जमा होत होते. पावशेर डाळीला त्या रात्री वेळ झाला नव्हता, आणि रांग मोठी होती हे कारण मला अजून पुरत नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये किराणा दुकानांना सकाळी सात ते अकरा एवढीच वेळ मिळाली, तेव्हा झुंबड उडाली नाही. लोक शिकले होते, याद्या आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर यायच्या. तेल एवढं कडाडलं होतं की पाच लिटरचा कॅन नेणारे लिटरच्या पिशवीवर आले होते. नवी पट्टी घातलेलं मशीन आम्ही पहाटे साडेपाचला लावायचो. आधी पावशेर तूरडाळीच्या साठ पुड्या, अर्धा किलो साखरेच्या चाळीस. त्या काउंटरच्या डाव्या कडेला, हाताला लागतील अशा. किलोच्या पिशव्या त्यानंतर.