बोर्ड आहे पण दिसत नाही : तक्रारीचा माझा अनुभव

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी नो एन्ट्रीचा बोर्ड आहे. चांगला आहे, रंग उडालेला नाही, फक्त अशा कोनात लावलाय की गाडी वळून आत आल्याशिवाय दिसतच नाही. मग लोक शिरतात, समोरून कुणीतरी येतं, ब्रेक, आणि रिव्हर्स मारत परत मेन रोडला, तेही वळणावर. टू-व्हीलरवाले तर रिव्हर्सच्या भानगडीत पडतच नाहीत, तसेच पुढे जातात.

आधी ॲपवर तक्रार टाकली. तिथे खड्डे, दिवे, कचरा सगळ्याला कॅटेगरी आहे, बोर्डाला नाही, म्हणून 'इतर' मध्ये टाकली, आणि 'इतर' म्हणजे कुणाचंच नाही हे नंतर कळलं. मग मेसेज आला : पाहणी केली, बोर्ड जागेवर आहे, तक्रार बंद. अहो, त्या जागेवर आहे हीच तर तक्रार आहे!

परत उघडली तर फिरायला लागली. ट्रॅफिकवाले म्हणे खांब आम्ही लावत नाही, रस्तेवाले म्हणे बोर्ड कुठे हवा ते ट्रॅफिक सांगतं आम्ही फक्त खड्डा खणतो, मधेच उद्यान विभागाची माणसं येऊन शेजारच्या झाडाची फांदी छाटून गेली (तिचा बिचारीचा काही संबंध नव्हता). गंमत म्हणजे यात कुणीच खोटं बोलत नव्हतं. एन्ट्री बंद करायचं ठरवणार एक, खांब रोवणार दुसरा, आणि रोवल्यावर तो गाडीतून दिसतो का हे बघायचं काम कुणाच्याच नावावर नाही.

मग ॲप सोडलं आणि कागदावर आलो. एकच पत्र दोन्ही ऑफिसला, खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून दुसऱ्याचं नाव, आणि दोन्हीकडून आवक शिक्का मारून पोच घेतली, आता निदान दुसऱ्याकडे गेलंय की नाही हे दोघांनाही माहीत. पत्रात 'बोर्ड चुकीचा लावलाय' असं लिहिलंच नाही, ते माझं मत झालं. त्याऐवजी मित्राला गाडी हळू चालवायला लावून शेजारी बसून डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढले, वळणाच्या लांबून, जवळून, अगदी तोंडावर, आणि प्रत्येकाखाली एकच ओळ, बोर्ड दिसतो की नाही. सोबत साधा हिशोब : ताशी 40 ने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, बघून समजून ब्रेकवर पाय जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 11 ते 17 मीटर गेले. चिन्ह चालकाला सहज ओळखता येईल अशा जागी हवं हे रस्त्यावरच्या चिन्हांबद्दलच्या 1968 च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातही आहे, पण ते पत्रात घातलं नाही. इंजिनिअरला करार नको असतो, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर हवा असतो, तो मोठ्या अक्षरात लिहिला.

फोटोंनी काम केलं. इंजिनिअर आले, आधी बोर्डाखालीच उभं राहून वर बघत होते, मी म्हटलं साहेब तिथून कुणालाही दिसेल, मेन रोडवरून चालत या ना. आले, आणि हसले. मग मात्र त्यांनी नीट समजावलं, नुसता बोर्ड फिरवला तर दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला दिसणार नाही, आणि कोपऱ्यावर खांब सरकवावा तर खाली केबल आहेत. त्यांनीच उपाय काढला : वळणाच्या आधी मेन रोडवरच 'डावीकडे वळू नका' चा गोल बोर्ड, तोही दिव्याच्या खांबाला क्लॅम्पने, म्हणजे खणायलाच नको. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, मी आपला खांब हलवा हलवा करत होतो. ट्रॅफिककडून मंजुरी यायला वेळ लागला, त्यात फोन करत राहण्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

बोर्ड लागला. चारचाकी जवळपास बंद झाल्यात, टू-व्हीलर अजून येतात पण आता बघून येतात. ॲपवरची मूळ तक्रार मात्र अजून 'प्रलंबित' दाखवते, बहुतेक उद्यान विभागाकडे आहे.