आईचा बोन स्कॅन आणि मांडीवरचा काळा ठिपका

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर आईला बोन स्कॅन, म्हणजे कॅन्सर हाडांत पसरलाय का ते बघणारी तपासणी, सांगितला. नंबर लागला, पैसे भरले, तिथवर सगळं सुरळीत. फक्त फोनवर "उपाशीपोटी आणा" म्हणाले, म्हणून शुगर असलेली माझी आई सकाळी पोहेही न खाता रामबागेतून निघाली. बोन स्कॅनला उपाशी राहावं लागत नाही, हे तिथे गेल्यावर आतल्या टेक्निशियनकडून कळलं. अजून संताप येतो.

९ वाजता शिरेत टेक्नेशियमचं, म्हणजे किरण सोडणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "तीन घंटे बैठिए, पानी पीते रहिए." का, ते सांगितलं नाही. हाडं ते औषध हळूहळू ओढून घेतात, उरलेलं लघवीवाटे बाहेर पडतं. ते बाहेर पडल्याशिवाय चित्र स्वच्छ येत नाही.

१२ नंतर आत घेतलं. कॅमेऱ्याची जाड पाटी तोंडाच्या अगदी जवळ येते, आई घाबरली. पाटी अंगाजवळ असेल तितकं चित्र रेखीव येतं, हे आधी सांगितलं असतं तर ती निवांत पडली असती. अर्ध्या तासाने टेक्निशियन बाहेर आला. "माताजी का फिर से लेना पड़ेगा." उजव्या मांडीपाशी काळा ठिपका दिसत होता. कशाचा? "डॉक्टर साहब बताएँगे." डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे. चाळीस मिनिटं मी त्या बाकावर बसून होते. कॅन्सर हाडात उतरला, एवढंच डोक्यात. आई विचारत होती, "काय गं, काय म्हणाले?" आणि मला तिच्याकडे बघवेना.

शेवटी एक सिस्टर आल्या आणि हळूच म्हणाल्या, मांडी धुवा, परकर बदला. लघवीचा थेंब! औषध लघवीतूनच जात असतं, त्यामुळे कपड्यावरचा थेंबही किरण सोडतो. कॅमेरा स्वतः काहीच सोडत नाही, तो अंगातून येणारे गॅमा किरण फक्त टिपतो. पुढे शिशाची बारीक भोकांची जाळी असते, ती सरळ येणारेच किरण आत सोडते. मागे सोडियम आयोडाइडचा स्फटिक, किरण पडला की तो क्षणभर चमकतो, आणि त्यामागच्या नळ्या ती चमक कुठे झाली ते ओळखतात. पण किरण किती खोलवरून आला, हे समोरून घेतलेल्या चित्रात कळत नाही. मांडीचं हाड आणि त्यावरचा परकर एकाच जागी उमटतात.

मी आईला बाथरूममध्ये नेलं, मांडी धुतली. दुसरा परकर नव्हता, सिस्टरनी हॉस्पिटलचा गाऊन दिला. पुन्हा चित्र घेतलं. ठिपका नव्हता. मी तिथेच रडले.

ही एवढीशी गोष्ट इंजेक्शनच्या वेळी का सांगत नाहीत?

अजून एक आठवलं: आत जायच्या अगदी आधी लघवीला न्या, मूत्राशय भरलेलं असलं की कंबरेची हाडं झाकली जातात. बांगड्या, मंगळसूत्र घरीच ठेवा. टेक्नेशियमचा जोर दर ६ तासांनी निम्मा होतो, म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. आणि पिशवीत खाण्याचा डबा आणि एक जादा परकर टाका.