चावणारं पोर आणि लाल बादली

सकाळपासून पावसाची झड लागलेली, त्यामुळे पाळणाघरातली पोरं अंगणात सोडता येईनात. सगळी एकाच खोलीत, त्यात दोन-अडीच वर्षांची बरीच. अकराच्या सुमाराला किंकाळी आली. ठोकळ्यांच्या लाल बादलीपाशी एक मुलगी दंड धरून रडत होती, त्यावर दातांचे वळ. चावणारा शेजारीच उभा, तिच्याइतकाच घाबरलेला.

मी आधी तिला घेतलं. कातडी फाटली नव्हती. साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवली. त्याला एवढंच म्हटलं, "चावायचं नाही. तिला दुखतं." या वयात लांबलचक समजावणी डोक्यात शिरतच नाही, आणि ओरडलं तर पोर नुसतं धास्तावतं.

मग दिवसभर त्याच्यावर नजर ठेवली. हवं ते मिळालं नाही की आधी मुठी आवळायच्या, मग हनुवटी पुढे, मग दात. बोलता येतात ते मोजके शब्द. शिवाय लाळ गळून सदरा ओला. मागच्या दाढा येत होत्या. गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं दिलं, ते तो मन लावून चावत बसला.

दुपारी पुन्हा तीच बादली, तीच मुलगी. मुठी आवळल्या तसा मी मध्ये हात घातला आणि खाली बसले. "बादली हवी? 'दे' म्हण." माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग तळहात पसरून म्हणाला, "दे." तिने दिली नाही, आणि तिने का द्यावी? तिचं खेळून होईपर्यंत आम्ही दोघं टमरेलात ठोकळे भरत बसलो.

संध्याकाळी मुलीची आजी म्हणाली, "एक ठेवून द्या, परत नाही चावणार." नातीचा दंड बघून तिचा जीव तुटला होता, ते मला कळतं. पण मारल्याने पोर इतकंच शिकतं की मोठ्याने लहानाला दुखवलं तर चालतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि आजही फटक्यांचाच सल्ला दारात येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच्या आईशी बोलताना कळलं, घरी मामा लाडाने त्याचे गाल चावतो आणि सगळे हसतात. ते थांबवायला सांगितलं. "दे", "नको", "माझं" हे शब्द घरीही रोज वापरा म्हटलं. आणि त्याला "चावरा" कुणी म्हणू नका.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा चावला. पण आता आम्हा सगळ्याजणींना त्या मुठी ओळखता येतात, आणि ठोकळ्यांच्या बादल्या दोन केल्या आहेत.