अटक कधी दाखवली?

पोलीस खात्यात ३४ वर्षं काढली, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आता कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन मुलांना कायदा सांगतो. मी वकील नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे बसून जे पाहिलं, तेच सांगतो.

पहिल्या तासाला जमावबंदीच्या एका खऱ्या आदेशाच्या झेरॉक्स वाटतो. 'एकशे चव्वेचाळीस लागलंय' एवढंच मुलांच्या कानावर असतं. १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं, पण आकडा पाठ करून काही साधत नाही. कागद वाचायचा. सही कोणाची, हद्द कुठली, मुदत कधी संपते, मनाई नेमकी कशाला. मागे एका मुलीनं विचारलं, "सर, आमच्या घरात सहा माणसं आहेत, मग एकत्र जेवायचं नाही का?" वर्ग हसला, पण प्रश्न नेमका होता. 'पाच किंवा जास्त माणसांनी जमू नये' यातला पाचाचा आकडा कलमात नाहीच, तो आदेशात असतो. तिला म्हटलं, शोध. दुसऱ्या परिच्छेदातल्या 'सार्वजनिक ठिकाणी' या शब्दांवर तिनं बोट ठेवलं. त्या दिवशीचा तास तिथेच वसूल झाला.

२०२० च्या टाळेबंदीत मी नाकाबंदीवर होतो. एक पोरगा सायकलवरून आला, हातात औषधाची चिठ्ठी. तो ती पुढे करतोय तोवर माझ्या शेजारच्यानं त्याच्या पोटरीवर काठी घातली. चिठ्ठी रस्त्यावर पडली, ती त्यानं वाकून उचलली आणि सायकल हातात धरून परत गेला. आदेश मोडला तर गुन्हा होतो, हे खरं. पण शिक्षा न्यायालय देतं, आणि त्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेतं तेही संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार असेल तरच. बेकायदा जमावाला पांगायला सांगितलं आणि तो हलला नाही, तर बळ वापरता येतं. एकट्या पोराला रस्त्यात शिक्षा द्यायला कुठलंच कलम नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि मी गप्प उभा राहिलो. मुलांना हे मी सांगतो.

आमच्याकडे 'अटक दाखवणे' असा शब्दप्रयोग आहे. माणूस सकाळी उचलायचा, बाकड्यावर बसवून ठेवायचा आणि डायरीत अटक रात्री दाखवायची. नोंदीतली वेळ खरी धरली तर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केल्यासारखं दिसतं. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात ती मर्यादा आहे, फक्त प्रवासाचा वेळ वगळून. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे, म्हणजे पुढे काही करू नये म्हणून आधीच आत ठेवण्याचे, नियम वेगळे आहेत, तेही सांगतो. पण नेहमीच्या अटकेत माणसाची मोकळीक गेली, की घड्याळ सुरू झालं. बाहेर दंगल असो की साथ, ते थांबत नाही.

एकदा ते थांबवलं गेलं होतं. १९७५ च्या आणीबाणीत मिसा या खटल्याविना स्थानबद्ध करण्याच्या कायद्याखाली हजारो लोक आत होते. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ठरवलं, की अशा अटकेविरुद्ध त्या काळात न्यायालयात दादच मागता येणार नाही. विरोधातले एकटे होते न्या. हं. रा. खन्ना. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा ठरवताना मुख्य निकालपत्र त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं, हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. मधल्या काळात ४४ वी घटनादुरुस्ती झाली. आता आणीबाणी लागली तरी २१ व्या अनुच्छेदातला जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येत नाही.

जुने सहकारी म्हणतात, पोरांना उलट बोलायला शिकवतोस. मला तसं वाटत नाही. कागद मागणारा माणूस समोर असला की कागद नीट लिहिला जातो, आणि न्यायालयात तोच आमच्या कामी येतो.

परवा एका मुलानं विचारलं, "सर, मोबाईल काढून घेतल्यावर वेळ कशी कळणार?" फळ्यावर मी अटकेच्या पंचनाम्याचा नमुना काढला. अटकेची तारीख आणि वेळ, घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही, खाली अटक झालेल्याची सही. वेळेची जागा कोरी असेल तर आधी ती भरायला सांगायची, सही त्यानंतर. त्यानं तो नमुना वहीत उतरवून घेतला आणि वेळेच्या रकान्याभोवती चौकट काढली.